दांड्यावर बसायला जागा नाही

चांगुणाकाकूच्या पिशवीत एक लोखंडी पिन असते. अंगठ्यापेक्षा जाड, वरच्या टोकाला कडी. ट्रॅक्टरचा हूक आणि टँकरचा दांडा यांच्या भोकांतून ती खाली सोडली की टँकर ट्रॅक्टरमागे चालू लागतो. संध्याकाळी ट्रॅक्टर मालकाच्या, म्हणजे उकंडरावांच्या, खळ्यात उभा राहतो. पिन मात्र काकूच्या घरी येते.

मी रोहिणखेडची. एम.ए. मराठी केलं आणि वरच्या वाडीच्या शाळेत तासिकेवर शिकवायला लागले. एस.टी. फाट्यावर सोडते. पुढे आधी खालची वाडी लागते, मग चढ, मग वरची वाडी. दोन्ही वाड्यांना काकू पाण्याचा टँकर नेते. पहिल्या दिवशी मी हात केला. काकूने ट्रॅक्टर थांबवला, मडगार्डाकडे बोट दाखवलं.

"पडशीन त नाही?"

"नाही."

"पडली त थांबन मी. पन आधी हासन."

आमची ओळख अशी झाली. ती माझ्या दुप्पट वयाची आहे. मैत्रीण म्हणावं असं माझ्या आयुष्यात तिच्याखेरीज फारसं कुणी नाही.

आधी हा ट्रॅक्टर तिचा नवरा गजेंद्र चालवायचा. एकदा ट्रॉली जोडताना तो हूक आणि दांड्याच्या मधे उभा होता. ट्रॅक्टर थोडासाच मागे सरकला. गुडघा गेला. आता तो अंगणातल्या बाजेवर बसून असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करतो. काकूला ट्रॅक्टर त्यानेच शिकवला, बाजेवर बसूनच. बाज खळ्यात नेलेली असे; काकू रिकामी ट्रॉली लावून मागे घ्यायची आणि हा ओरडायचा. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, हे तिच्या हाताला पटायला वेळ लागला.

"बायकोले वळवाचं असन तसं हाये ते," गजेंद्रकाका सांगतो. "इकडं पाह्यजे त तिकडं सांगाचं."

"म्हनूनच तुले मी कधी वळली नाही," काकू म्हणते.

उकंडरावांकडे ड्रायव्हर टिकत नव्हते. एक सुरतला गेला, एक पुण्याला. शेवटी त्यांनी तिला सीट दिली. फाट्यावरच्या चहावाल्याकडे लोक म्हणाले, बाईच्या हाती टँकर दिला, आता पाणी रस्त्यालाच. रस्त्याला कधी काही सांडलं नाही. तिचे नियम होते. जोडताना मधे कुणी उभं राहायचं नाही. पिन तीच घालणार, तीच काढणार. आणि त्या चढावर टँकर काठोकाठ भरलेला न्यायचा, नाहीतर रिकामा. अर्धा नाही.

अर्ध्या टँकरचं काय होतं ते दोन्ही वाड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. टँकर म्हणजे दोन चाकांवरची एक लांब टाकी. भरलेली असली की पाण्याला हलायला जागा नसते. अर्धी असली की चढावर सगळं पाणी मागे धावतं. मागची बाजू जड होते, पुढचा दांडा वर उठू पाहतो आणि ट्रॅक्टरचा मागचा भागही उचलतो. मग ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरतात. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक होता. दांड्यावर माणसं बसवायची. माणसांच्या वजनाने दांडा खाली दबतो. आणखी दोघांनी दगड घेऊन मागे चालायचं. टँकर मागे सरकला तर चाकाखाली दगड टाकायचा.

काकू आल्यापासून हे बंद होतं. कारण दिवसाला दोन टँकर भरत होते. एक खालच्या वाडीला, एक वरच्या.

एप्रिलमध्ये टँकर जिथे भरायचा त्या विहिरीचं पाणी खाली गेलं. दिवसाला एकच टँकर भरू लागला. खालच्या वाडीत बैठक झाली आणि ठरलं, अर्धा इथे, अर्धा वर. ठरलं त्यात काही चूक नव्हती. दोन्हीकडे माणसंच राहतात.

त्या सकाळी मी मडगार्डावर होते. खालच्या वाडीत अर्धं पाणी उतरलं. चढाच्या पायथ्याशी वरच्या वाडीतल्या चार बाया उभ्या होत्या. पुरुष कामावर गेले होते. पुढे विमलबाई. वाडीत त्यांच्याएवढं अंग कुणाचं नाही, म्हणून दांड्यावर बसायला या, अशा उकंडरावांच्या निरोपात त्यांचं नाव पहिलं होतं.

काकूने ट्रॅक्टर बंद केला. उकंडराव मोटरसायकलवर मागून आले.

"चांगुणे, काऊन थांबली?"

"अर्धा हाये."

"अर्धाच हाये. बाया आल्या नं बसाले."

"बाया पान्यासाठी आल्या."

"सारेच बसवतात, चांगुणे. तू काई नवीन ट्रॅक्टर नाही चालवून राह्यली."

"बसवू दे साऱ्यायले. एक दिवस भरून इथं दे, एक दिवस भरून वर दे."

"अन् ढोरं? एक दिवसाआड पेतीन ते?"

"मंग टाकीत मधी पत्रा ठोका. दोन खन करा. मागचा खन इथं रिकामा करू, पुढचा भरेल वर नेऊ. पानी हालनारच नाही."

"त्याच्यासाठी टँकर मोताळ्याले न्या लागन. दोन दिवस पानी बंद. वाडी मले चपलेनं मारन."

काकू खाली उतरली. टँकरच्या चाकांना पुढून मागून दगड लावले. दांड्याखालचा टेकू सोडला. मग पिन उपसली, पदराला पुसली आणि पिशवीत टाकली. चालू लागली. मी मडगार्डावर तशीच बसून होते. कुणीतरी मला उतर म्हणालं तेव्हा उतरले.

उकंडरावांच्या पुतण्याने, दीपकने, पिनेच्या जागी सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, तुकडा घातला. बाया दांड्यावर बसल्या. टँकर गेला.

शाळेच्या दारातून मी तो वर येताना पाहिला. विमलबाई सगळ्यांत पुढे. साडी खोचलेली, एका हाताने टाकीची शिडी धरलेली, पाय खाली लोंबत होते. पायांच्या मागे टँकरचं चाक फिरत होतं.

"मॅडम, पाहा," त्या ओरडल्या. "आमच्या मायनं खाऊ घातलं ते आज कामी आलं."

बाकीच्या हसत होत्या. मी हात वर केला. हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही टँकर गेला. तिसऱ्या दिवशीही. कुणी पडलं नाही, काही उलटलं नाही. खरं सांगायचं तर मी रोज काहीतरी होईल म्हणून वाट पाहत होते आणि रोज स्वतःला शिव्या देत होते. काकूची चेष्टा सुरू झाली. फाट्यावर चहावाल्याने तिला हटकलं.

"गेला नं टँकर, चांगुणाबाई?"

"गेला."

"मंग?"

"मंग काय. गेला म्हनजे बरोबर झालं का?"

बाजाराच्या दिवशी उकंडरावांचा निरोप आला. सोमवारपर्यंत पिन घेऊन ये आणि सांगतो तसा टँकर ने. नाहीतर सीट कायमची दीपकची. मी तेव्हा काकूच्या अंगणात होते. निरोप ऐकून गजेंद्रकाका बाजेवर उठून बसला.

"जाय तू," तो म्हणाला. "बायांचं वाटत असन त मी बसतो दांड्यावर. माह्या पायाचं आता आनखी काय बिघडनार हाये?"

हे तो नेहमीसारखं हसत बोलला. काकू हसली नाही. ती तांदूळ निवडत राहिली.

"तू मधात उभा व्हता तवा गाडीवर कोन व्हतं?" तिने विचारलं.

"उकंडभाऊ."

"त्यायनं तुले म्हनलं का सरक म्हनून?"

काकाने गुडघा हाताने उचलून बाजेवर घेतला. उकंडराव ट्रॅक्टरवर होते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कुणी मला ते सांगितलंच नव्हतं.

"आता गाडीवर मी हावो," काकू म्हणाली. "मी सरक म्हननार."

रविवारी ती चढ चढून विमलबाईंच्या घरी गेली. मला बरोबर नेलं. विमलबाईंनी अर्धा अर्धा कप चहा दिला आणि पाण्याचं विचारलं नाही. त्या दिवसांत वरच्या वाडीत पाहुण्याला पाणी विचारत नव्हते, चहा विचारत.

"किती वजन हाये वं तुह्यं?" काकूने विचारलं.

"बाईमानसाले वजन इचारते?"

"उकंडभाऊ रोज मोजून राह्यले. मी एकदा इचारलं त राग आला."

विमलबाई हसल्या.

"पाय निसटला त दीपकले टँकर थांबवता येनार नाही," काकू म्हणाली. "चढावर थांबवला की मागं येते."

"मले माहीत हाये."

"मंग काऊन बसते?"

"घरात पानी नाही म्हनून."

काकूने कप खाली ठेवला. विमलबाईंनीच पुढे विचारलं,

"तुह्यी सीट चालली म्हनते?"

"उद्या."

"दुसरं काही हाये का घरी?"

"काही नाही."

"अन् तरी नाही म्हनते?"

"तरी."

विमलबाईंनी कप उचलले. आम्ही उठलो. उतरताना काकूने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी फाट्यावर एस.टी.तून उतरले तर काकू थांब्याच्या दगडावर बसलेली. मांडीवर पिशवी. माझ्याबरोबर पायथ्यापर्यंत चालत आली. दीपक टँकर घेऊन आधीच पोचला होता. बायाही होत्या. पण चार नव्हत्या, वाडीतल्या जवळजवळ सगळ्या होत्या. प्रत्येकीजवळ हंडा, कळशी, नाहीतर तेलाचा डबा.

"बसा लवकर," दीपक म्हणाला.

"आज नाही बसत," विमलबाई म्हणाल्या.

"मंग पानी कसं जाईन वर?"

"इथंच सोड. आमच्या डोक्यावरून नेऊ. तुह्या दांड्यावरून नाही."

"काकी, येड लागलं का? एवढा चढ."

"पाय माहे, चढ माहा. तू नळ उघड."

दीपकने चुलत्याला फोन लावला. उकंडराव आले. त्यांनी बायांकडे पाहिलं, मग थेट काकूकडे आले.

"तुले येते नं चांगलं चालवता? घे. बायांशिवाय काढ वर. सीट तुह्यी."

सगळ्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. डोक्यावरचे रिकामे हंडे हलायचे थांबले. तिचा हात मी ओळखते. तिने काढलाही असता वर. ती ट्रॅक्टरवर चढेल असं मला वाटलं, आणि चढावी असंही वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

"येत नाही म्हन मंग."

"येते. तरी नाही. आज मी नेला त उद्या दीपकले म्हनसान, बाईनं नेला, तू काऊन नेत नाही."

नळ उघडला. पहिला हंडा विमलबाईंचा भरला. मग एकामागे एक. त्या दिवशी शाळा उशिरा भरली, कारण शाळेच्या बाई, म्हणजे मीही, कळशी घेऊन चढत होते. अर्ध्या चढावर मला श्वास पुरेना. माझ्यापुढे विमलबाई चालत होत्या. त्यांनाही पुरत नव्हता. पण त्या थांबल्या नाहीत, आणि एकदा खाली दीपककडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "मोज आता वजन."

सीट दीपकची झाली. काकू मात्र रोज पायथ्याशी यायची आणि हंडे उचलून द्यायची. चढावर सकाळभर बायांची रांग खालच्या वाडीतून दिसत असे. ती रांग बघत खालच्या वाडीतल्या बाया दारात उभ्या राहायच्या. त्यांच्या दारात टाक्या भरलेल्या होत्या. शेवटी त्यांनीच उकंडरावांना निरोप दिला. टँकर मोताळ्याला न्या, दोन दिवस आमच्या टाक्यांतलं पाणी दोन्ही वाड्या पिऊ.

मोताळ्यात वेल्डिंगचं दुकान माझ्या अब्बांचं, अब्दुल गनींचं. टँकर तिथेच आला, तेव्हा मीही दुकानात होते. उकंडरावांनी दीपकला नाही, काकूला बरोबर आणलं. पत्रा तिनेच सुचवला होता.

अब्बांनी टाकीत मधोमध पत्रा जोडला. पुढच्या खणाला वेगळा नळ बसवला. आता अर्ध्या फेरीत सगळं वजन पुढे, दांड्यावर येणार होतं. म्हणून काकूने ट्रॅक्टरचा हूक एक भोक खाली घेतला आणि नाकावर लोखंडी वजनं चढवून घेतली, चढावर पुढची चाकं उठू नयेत म्हणून.

"झालं आता?" उकंडरावांनी विचारलं.

"आनखी एक," ती अब्बांना म्हणाली. "दांड्यावर सळईचे तुकडे जोडून द्या. उभे. टोक वर."

अब्बांनी काच वर करून आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता काऊन?" उकंडराव म्हणाले. "आता कोनी कशाले बसन?"

"कधी पत्रा फुटन. कधी दीपकले घाई राहीन. जागा दिसली की मानूस बसते. अन् बसवनारा बसवते."

गजेंद्रकाकाच्या पायाचं ती काही बोलली नाही. उकंडरावांनी दांड्याकडे पाहिलं. मग अब्बांना म्हणाले, "लावा."

दुसऱ्या दिवशी सीट पुन्हा काकूची होती. तिने पिन पिशवीतून काढली, भोकात सोडली, हाताने हलवून पाहिली. खालच्या वाडीत मागचा खण रिकामा झाला. चढावर ट्रॅक्टर संथपणे गुरगुरत वर निघाला. मी मडगार्डावर होते. मागे वळून पाहिलं तर दांड्यावर फक्त सळया उभ्या होत्या.

वर विमलबाई हंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सळयांवरून बोट फिरवलं.

"मले पाहूनच लावल्या का वं?"

"तुले पाहूनच."

"मंग माह्या वजनाचं काय करू आता?"

"घरी ने," काकू म्हणाली आणि पुढचा नळ उघडला.