मार्लिस टोफ्टची पांढरी भुकटी

मार्लिस टोफ्ट वाढली ती कॅनडातल्या एडमंटनच्या पूर्वेला, पेट्रोकेमिकल कारखान्यांच्या उजेडात. प्रोपेन आणि प्रोपिलीन वेगळे करायला तिथे उंच मनोरे लागतात. दोन्ही वायू इतके सारखे, की उकळायचं, थंड करायचं, पुन्हा उकळायचं. वडील तिथेच कामाला होते. मार्लिसने मात्र आयुष्य एका चाळणीला दिलं. धातू आणि आम्ल जोडून केलेली, अतिसूक्ष्म छिद्रांची भुकटी. प्रोपिलीन किंचित सडपातळ. ते आत शिरावं, प्रोपेन बाहेरच राहावा.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत ते घडलं. भुकटीतून प्रोपेन लगेच बाहेर आला, प्रोपिलीन आत थांबून राहिलं. ही भुकटी वापरून पाहायची की नाही, याचा निर्णय तिथला एक कारखाना शुक्रवारी देणार होता. होकार आला तर मोठी चाचणी होणार होती, आणि वसंतात मार्लिस निवृत्त झाल्यावरही तिची प्रयोगशाळा चालू राहणार होती.

बुधवारी उपकरणं सांभाळणारा गॉर्ड कॉफी घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

"बाई, तुझी लाडकी वाळत चाललीय."

"म्हणजे?"

"दर चाचणीनंतर भुकटीचं वजन घटतंय. थोडंसंच, पण घटतंय."

मार्लिस हसली नाही. हे स्फटिक द्रावकात वाढतात. मग भुकटी निर्वातात तापवून छिद्रांतला सगळा द्रावक काढावा लागतो. फार तापवली तर सांगाडा कोसळतो. आधीचे कितीतरी नमुने तिने असेच गमावले होते. म्हणून या वेळी आच मंद ठेवली होती. म्हणजे थोडा द्रावक आतच राहिला होता, आणि आता तो हळूहळू निघून जात होता.

"जपलंस तू तिला," गॉर्ड म्हणाला.

"घाबरले, असं म्हण."

उरलेली भुकटी तिने पुरती तापवली. सांगाडा टिकला. पण चाचणीत दोन्ही वायू एकदमच बाहेर आले. छिद्रं मुळातच मोठी होती. आत अडकलेल्या द्रावकामुळे ती अरुंद झाली होती, एवढंच.

गॉर्डने उपकरण बंद केलं.

"शुक्रवारनंतर सांग ना," गॉर्ड हळूच म्हणाला. "काम तर सुरू होऊ दे. मागाहून सुधारू."

"सुधारणार कोण? मी नसेन. तू?"

"मला घरचा टोस्टरही सुधारता येत नाही."

"मग गप्प बस आणि तो फोन इकडे दे."

कारखान्याच्या इंजिनिअरला तिने सगळं सांगितलं. "हो, निकाल माझाच होता. चुकीचा आहे... नाही, दुसरा नमुना नाही माझ्याकडे."

शुक्रवारी नकार आला. एप्रिलनंतर प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या गटाला द्यायचं ठरलं. तोवर मार्लिसने स्वतःच्या प्रयोगांसाठी भुकटीचा नमुना नेलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन केले. मॉन्ट्रियलच्या एका विद्यार्थिनीचा अख्खा हिवाळा त्यात गेला होता. रडवेल्या आवाजात तिने विचारलं, "मग आता या भुकटीचं करायचं काय?"

मार्लिसने डोळे मिटले.

"मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण द्रावक नेमका कुठे अडकला होता, ते सांगते. लिहून घेतेस?"