आधीचा फोटो, नंतरचा फोटो

रिना दुर्गे मूल गावात राहते आणि लोकांचे फोटो सांभाळते. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्या, लग्नांचे स्टुडिओवाले, तलावावरचे पक्षी टिपणारे शाळामास्तर, असे सगळे आपले फोटो तिच्या वेबसाइटवर ठेवतात. नऊ वर्षं झाली. वेबसाइटच्या तळाशी 'तक्रार अधिकारी' म्हणून नाव तिचंच आहे, कारण दुसरं कोणी नाहीच.

तक्रारी बहुतेक एकाच तऱ्हेच्या येतात. फोटो माझा आहे, भलत्यानं टाकलाय, काढा. कायदा छत्तीस तास देतो, तेवढ्यात फोटो उतरवायचा. तक्रार करणाऱ्यानं एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो परत लावता येतो. पण फोटो खरोखर कोणाचा हे ओळखायला रिनाची स्वतःची रीत आहे. ती आधीचा आणि नंतरचा फोटो मागते. उचलणाऱ्याकडे एकच असतो, काढणाऱ्याकडे आजूबाजूचेही असतात. वरोऱ्याचे दोन स्टुडिओवाले एकदा एका नवरीवरून भांडत होते. त्यातल्या एकानं पुढचा फोटो पाठवला, त्यात नवरी मोठी जांभई देत होती. भांडण तिथेच मिटलं.

समजावणं मात्र अवघड जातं. इथे लोकांना वाटतं, ज्याचा चेहरा त्याचा फोटो. सुगंधाबाईलाही तसंच वाटत होतं.

सुगंधाबाई सिंदेवाहीकडच्या एका गावची. तिचा नवरा मंगरू एप्रिलच्या चार तारखेला पहाटे मोह वेचायला जंगलात गेला आणि आला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी नाल्याजवळ त्याची एक चप्पल सापडली, निळ्या पट्ट्याची. शेजारी रक्त होतं, वाघाचे पंजे होते. गावानं आणि वनखात्यानं दहा दिवस जंगल पालथं घातलं. दुसरं काही मिळालं नाही.

देह मिळाला नाही की आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्यालाच अग्नी देतात. मंगरूचा थोरला भाऊ दादाजी तो विधी उरकून घ्या म्हणून मागे लागला होता. सुगंधाबाई तयार होईना. जुलैत तिला कोणीतरी सांगितलं, की मूलच्या त्या फोटोवालीच्या वेबसाइटवर मंगरू दिसतो.

फोटो विक्की नावाच्या माणसानं टाकलेला होता. जंगलात झाडांना बांधलेल्या, जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायचं काम तो तेव्हा करायचा. सरळ जाणारी पायवाट, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, आणि गुडघ्यांपर्यंत दिसणारा, डोक्यावर टोपली घेतलेला, पाठमोरा माणूस. खालचा भाग विक्कीनं कापून टाकला होता. सुगंधाबाईनं पडद्याला हात लावला आणि खांद्यावरचं ठिगळ दाखवलं. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनंच ते लाल दोऱ्यानं शिवलं होतं.

दादाजीचं म्हणणं पडलं, की मग हा त्या पहाटेचाच फोटो असेल, जातानाचा. त्यावर तिनं त्याला विचारलं, जाताना टोपली कोणी भरून नेते काय. टोपली काठोकाठ भरलेली होती. म्हणजे तो परत येत होता. येत होता तर विधी कशाचा?

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती रिनाकडे यायची. पिशवी दाराशी ठेवायची, खुर्चीत बसायची, फोटो पाहायची. रिनानं एकदा छापून देऊ का विचारलं, तर तिनं मान हलवली. कागदावरच्या माणसाला भिंतीला टांगतात, हार घालतात. इथे तो चालत होता.

ऑक्टोबरात तक्रार आली. कॅमेरे लावणाऱ्या संस्थेची होती, दोन ओळींची. फोटो आमचा आहे, परवानगीशिवाय टाकला आहे, काढावा.

रिनानं रीतीप्रमाणे पूर्ण फोटो मागितला, आधीचा आणि नंतरचा मागितला. पुढे तिनं मला कबूल केलं, की तेव्हा मनात वेगळंच होतं. इतक्या महिन्यांनी त्यांच्याकडे ते नसतील, मग तक्रार रखडेल आणि सुगंधाबाईचा फोटो राहील, असं तिला वाटलं होतं.

तासाभरात तीन फोटो आले.

पूर्ण फोटोच्या तळाशी काळी पट्टी होती. नऊ एप्रिल, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं, बेचाळीस अंश. नऊ एप्रिलला शंभर माणसं त्या जंगलात हाका मारत फिरत होती. पट्टीच्या वर मंगरूचे पाय होते. डावा टेकलेला, उजवा उचललेला. दोन्ही पायांत निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या.

आधीचा फोटो एका सेकंदापूर्वीचा. पायवाट रिकामी. नंतरचा एका सेकंदानंतरचा. पायवाट रिकामी. वाट पार टोकापर्यंत दिसत होती आणि गवताचं एक पातंही हललेलं नव्हतं.

रिनानं संस्थेला विचारलं, मधले काही फोटो गाळले आहेत का. नाही, असं उत्तर आलं. कॅमेरा एका दमात तीनच काढतो, अंगाची ऊब जाणवली की सुरू होतो. पहिल्या फोटोत ऊब कशाची होती, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. रिनानंही विचारलं नाही. भर दुपारी तिनं पुढचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. छत्तीस तासांतले थोडेच उरले होते. सुगंधाबाई आली, बसली. फोटो उतरवावा लागेल, त्याच्यावर हक्क कॅमेरेवाल्यांचा आहे, हे रिनानं कसंबसं सांगितलं. बाई चिडली नाही. हसली.

"मानूस माहा, अन् फोटो त्याईचा?"

मग रिनानं तिन्ही फोटो एकाशेजारी एक उघडले. तारीख वाचून दाखवली. चपलांबद्दल काही बोलायची तिची हिंमत झाली नाही. गरजही पडली नाही. त्यातली एक चप्पल सुगंधाबाईच्या घरात होती.

ती बराच वेळ पाहत राहिली. पहिला, तिसरा, मग पुन्हा मधला. बाहेर मिरच्यांची बोली चालली होती, ती आत ऐकू येत होती. शेवटी तिनं त्या उचललेल्या पायावर बोट ठेवलं.

"सहा महिने झाले माय. आपण पाह्यत राह्यलो, अन् हे पाय खाली टेकवून नाई राह्यले."

तिनं बोट मागे घेतलं.

"काढून टाक. टेकवू दे त्याईले."

रिनाचा हात हलेना. तेव्हा बाईनं विचारलं कुठी दाबाचं, आणि स्वतःच दाबलं. मग रिनाच्या फोनवरून दादाजीला फोन लावून, पळसाची पानं तोडून आणाले सांगा कोनाले, एवढंच म्हणाली.

विधीला रिना गेली होती. अंगणात माणसांनी देठासकट पानं मांडत आणली. डोकं झालं, छाती झाली, हात झाले. पाय जुळवताना उजव्या पायाची पानं कडक निघाली, ती खाली बसेनात, टोकाशी वर उचलून राहिली. मांडणारा म्हणाला, राहू द्या, जळूनच जाणार आहे. सुगंधाबाई बायकांतून उठली. कोणी अडवायच्या आत ती खाली बसली आणि ती पानं तळव्यानं जमिनीशी दाबून धरली, दादाजी पेटवायला येईपर्यंत.