उपासाच्या दिवसाची गोळी

आक्का गेल्याची बातमी मला शाळेतच कळली. सातवीला त्रैराशिक शिकवत होतो. शेजारचे काशीनाथभाई वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले, तेही अनवाणी. "मास्तर, घर चाला. आक्का पडी गई," एवढंच म्हणाले. मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं... त्याला आता सहा आठवडे झाले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी माझी सारंगखेड्याला बदली झाली. मी बिनलग्नाचा, आणि ही माझी थोरली बहीण ऐन तिशीत विधवा होऊन रनाळ्याच्या सासरहून परतलेली. दोघांचं मिळून एक घर झालं. वर्गातली पोरं मला भीत आणि मी आक्काला. पुढे तिचं डोकं सारखं दुखू लागलं, एकदा विहिरीवर घेरी आली, तेव्हा तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि गोळ्या दिल्या. रोज एक, जेवणानंतर. मीठही कमी करायला सांगितलं. परतताना छकड्यात ती म्हणाली, "आते मीठ बी मोजीसन खावानं का, भाऊ?" तेव्हापासून अळणी भाजी दोघांच्याही ताटात आली, कारण वेगळी भाजी करणं तिच्या नियमात बसत नव्हतं.

नियम तिचे फार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला संध्याकाळी वाटीभर भगर खायची, पण तिला ती जेवण म्हणत नसे. श्रावण लागला त्या दिवशी मी तीस गोळ्यांची नवी बाटली आणली. मी वह्या तपासत होतो. तिनं विचारलं, "भाऊ, उपासले गोळी कशी लेवानी?" मी मान वर न करता म्हणालो, "डॉक्टरनी जसं सांगं, तसं कर." डॉक्टरांनी तर जेवणानंतर सांगितलेलं. तिनं अगदी तसंच केलं.

श्रावणाचे तीस दिवस सरले आणि दुसऱ्याच दिवशी ती गेली. तेराव्यानंतर कपाट आवरताना बाटली हाती लागली. तेरा गोळ्या शिल्लक. पंचांग काढून तिचे उपास मोजले, तेही तेराच. उभा जन्म लोकांच्या पोरांना गणित शिकवलं, आणि महिनाभर घरातली बाटली रिकामी होत नाही हे मला दिसू नये!

डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "गोळी रोजच्या रोज घ्यायची असते, मास्तर. उपासाला दुधाबरोबर चालली असती. विचारायचं होतं. पण त्यामुळेच गेल्या असं मी म्हणणार नाही." ते भले गृहस्थ. पण तिनं विचारलं होतं, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. मग त्यांनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला, आणि तीच गोळी मलाही लिहून दिली.

आता घरात आवाज म्हणून नाही. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, तरी गोळीसाठी भात टाकतो. मला फार एकटं वाटतं, हे लिहायला लाज कसली...

परवा एकादशी होती. जन्मात कधी उपास केला नव्हता, तो धरला. दुपारी पेलाभर दूध तापवलं, गोळी घेतली, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणालो, "लेवानी, आक्का. उपासले बी लेवानी."