हसरा मिठू

तुकोगंज मोहल्ल्यात एका वकिलांकडे बाबूजी कारकून होते. राज्य नवं, कायदा नवा. ट्रेडमार्कचे अर्ज तेच भरून मुंबईला धाडत. चित्र पारखायची त्यांची पद्धत ठरलेली. ते टेबलावर उभं करायचं, दहा पावलं मागे जायचं आणि चष्मा काढायचा. "गिऱ्हाईक वाचत नाही भिया, लांबून ओळखतं," म्हणायचे.

माझ्या दंतमंजनासाठी आमच्या हिने मिठू काढला होता. तो पाहताना चष्मा काढूनही त्यांचं समाधान होईना. एका मोठ्या कंपनीच्या डब्यावर आधीच मिठू होता. आमचा तसाच दिसला तर अर्ज फेटाळला जाणार, आणि मी तर डबे रंगवून बसलो होतो.

बाबूजी दोन्ही चित्रं घेऊन खाली रस्त्यावर गेले. सांवेरच्या बसची वाट पाहत एक म्हातारी बसली होती. तिच्यासमोर उकिडवं बसून त्यांनी अदबीनं विचारलं, "माँजी, ये दोनों एक ही हैं क्या?"

"नी बेटा," आमच्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "यो तो हँसी रियो है."

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. खरंच हसत होता. बाबूजींनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून अर्जातल्या वर्णनात 'हसरा' हा शब्द घातला.

नोंदणीचा कागद आला त्या संध्याकाळी ते आमच्या दुकानाकडे आले. रस्त्यापलीकडेच थांबले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि तिथूनच हिला म्हणाले, "वहिनी, तो हसतोय ना, तो डबा द्या."