गाझियाबादचं घर

ओल्या सिमेंटचा वास आला की गाझियाबादचा आमचा अर्धवट बांधलेला फ्लॅट आठवतो. बाबा निवृत्त होणार होते, दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सुटणार होतं. आजारी आई हट्टाने घर बघायला आली; खुर्चीत बसवून आम्ही तिला तिसऱ्या मजल्यावर नेलं. स्वयंपाकघरात ती गवंड्याला म्हणाली, "भैया, खिड़की बड़ी रखना. इनको अंधेरे में चाय बनानी नहीं आती." गवंडी हसला. परतताना बाबांनी विचारलं, "चहा तूच करशील ना?" तिने नुसता त्यांचा हात धरला. ताबा मिळण्याआधीच ती गेली. बाबा तिथे एकटेच राहिले. दर रविवारी येईन म्हणणारी मी महिन्यातून एकदा जायचे, आणि तेवढ्यावरही ते खूश असायचे, हेच आता सोसवत नाही.