डेसामावशीची बंदूक

माझ्या नवऱ्याची मावशी, ओडेसा रॅटलिफ, म्हणजे आमची डेसामावशी, हिला आमच्या खोऱ्यात कोणी शहाणी म्हणत नाही, आणि तोंडावर वेडी म्हणायची कोणाची छाती नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला. डॉक्टरने गुडघे बदलायला सांगितलं, तर तिने डॉक्टर बदलला. वसंतात टर्कीचे नर डोंगरात ओरडू लागले की ही बापाची चकमकीची, ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून निघते. भावांनी नव्या बंदुका घेतल्या होत्या. ही कोणालाच नको होती म्हणून तिच्या वाट्याला आली. तेव्हापासून तिला दुसरी चालत नाही.

गेल्या वर्षी रंजक, म्हणजे बार पेटवायला बाहेर घालायची चिमूटभर दारू, भडकून तिची एक भुवई जळाली. झालं, डॉइल, म्हणजे माझा नवरा, हात धुऊन मागे लागला.

"मावशी, आमच्या शिकारीच्या क्लबात भिंतीवर काय शोभेल तुझी बंदूक! कानात शिसं ओतून टाकू, म्हणजे कोणाला धोका नको."

बंदुकीच्या अंगाला जे बारीक भोक असतं, ज्यातून रंजकीची आग आतल्या दारूपर्यंत जाते, तो कान. तो बुजला की बंदूक मेली. मला तर ऐकूनच कसंतरी झालं. मावशीने ईस्टरच्या भरल्या टेबलावर सुरी आपटली.

"या हंगामात हिने नर नाही पाडला, तर ओत तुझं शिसं! तोवर हॅम गीळ आणि गप्प बस."

चारचौघांत दिलेला शब्द. आणि हंगाम असा फिरला की कधी पाऊस, कधी धुकं, कधी नर पलीकडच्या डोंगरावर. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा तिच्या हाती एक पीससुद्धा नव्हतं. डॉइल क्लबात खिळा ठोकून आला होता. बंदूक ताब्यात घ्यायला तो सोबत निघाला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला मी.

मावशीने घरीच बार ठासला होता. न्याहारीला चरबीत परतलेली रानकांद्याची पात हाणली होती, त्याचा वास वाटभर येत होता.

"मावशी, तुझ्या वासानेच टर्की पळतील," डॉइल म्हणाला.

"टर्कीला वास कळत नाही. तुला कळतो ना? मग लांब बस."

ओकच्या बुंध्याला टेकून तिने रंजक भरली आणि टर्कीच्या पंखाच्या हाडाची पिपाणी ओठांना लावली. मादीसारखी हाक गेली. कड्यावरून नराचा गडगडाट आला, पुन्हा आला, अगदी जवळ आला. मग तो स्वतःच आला, शेपूट फुलवून, लालभडक मान ताणून. मावशीने चाप ओढला.

फुस्स! रंजक उडाली, बार उडालाच नाही. नर झाडीत पसार झाला.

दंवाने आतली दारू सर्दू नये म्हणून कानात आखूड पीस खोचायची आमच्याकडे रीत आहे. रंजक भरण्याआधी ते काढायचं असतं. मावशी विसरली होती.

डॉइल हात पुढे करून उठला. "संपलं, मावशी. आण इकडे."

"विसरले. माझा बापही विसरायचा. खाली बस."

"शब्द दिला होतास."

"हंगामाचा दिला होता. तो आज दुपारी एक वाजता संपतो, तू म्हणतोस म्हणून नाही. बस म्हणते ना!"

मी त्याला पट्ट्याला धरून खाली ओढलं. बायको कोणाची आहेस, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाहू दिलं.

मावशीने जळकं पीस नखांनी उपटलं, तारेने कान साफ केला, पुन्हा रंजक भरली. थोडी मांडीवर सांडली.

"हात बघ किती थरथरतायत," डॉइल पुटपुटला.

"थरथरू देत. मी काय भरतकाम करतेय?"

ती एकदाच हाक घालून गप्प बसली. ऊन डोक्यावर येत चाललं. डॉइल सारखा घड्याळ बघत होता. मावशी हलली नाही. मग डावीकडून तोच नर आला, आवाज न करता, चोरासारखा. चांगला वीस पावलांवर येईतो तिने त्याला येऊ दिलं.

बार असा दणाणला की माझे कान बसले. धुरात काही दिसेना, मावशीसुद्धा. नुसता तिचा आवाज आला.

"ऊठ डॉइल, उचलून आण. माझे गुडघे दुखतात."

धूर विरला तेव्हा नर पडलेला होता.

घरी येऊन तिने आधी बंदूक धुतली, पुसली, तेल दिलं. मग त्या नराच्या पंखातलं एक पीस उपटून आखूड कापलं आणि कानात घट्ट खोचलं.

"घे, बुजवला कान. आता भिंतीवर टांगायचीय ना? टांग. इथे माझ्या दाराशी, माझा हात पोचेल एवढ्या उंचीवर."

 डॉइल क्लबात गेला आणि खिळा उपटून घेऊन आला.