तेहतीस अन् सत्तेचाळीस

रुपाबाई माफ करणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. कोनाले वाटन का बा, शेवटी ती मोठ्या मनाची निघाली असन, तर तसं काही नाही. तिनं बदला घेतला, पुरता घेतला, अन् मले लय बरं वाटलं. गावाचं नाव सांगत नाही. मालेगावजवळचं आहे, एवढं पुरे. माणसायची नावं बी बदलली. माहं तेवढं खरं. मी धम्मदीपा, मालेगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, अन् माहं वावर रुपाबाईच्या धुऱ्याले, म्हणजे बांधाले, लागून आहे.

रुपाबाई रिठदची लेक, दहावी पास. नवरा जगदेव शांत माणूस, बायकोवर जीव. लेकरू नव्हतं. घरात चालायचं ते जगदेवच्या मोठ्या भावाचं, भगवंतरावचं. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही अन् त्याच्याशी तोंडातोंडी बोलत नाही. जे सांगायचं ते जावेच्या तोंडून. रुपाबाईनं हे वर्षानुवर्षं पाळलं. भगवंतराव मात्र तिच्याबद्दल बोलताना कोनाची भीड ठेवत नव्हता.

तीन वर्षांखाली त्याच्या सुनेची, राधिकाची, पहिली ओटी होती. अंगण बायकायनं भरलेलं. रुपाबाईनं मालेगाववरून हिरवा खण आणला होता. नारळ हातात घेऊन ती पुढं झाली, अन् ओसरीतून भगवंतरावचा आवाज आला, "वांझोटीच्या हातानं ओटी भरू नका. पोराले नाट लागन."

साऱ्या बायका रुपाबाईकडे पाहू लागल्या. अन् जगदेव? तो भावाच्या बाजूलेच बसून होता. मान खाली. त्याच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. रुपाबाईनं नारळ पाटावर ठेवला, खण पदराखाली घेतला अन् निघाली. मी तिच्यासंगं होती. रस्त्यानं ती मले एवढंच म्हणे, "हा शब्द मी त्याच्या घशात परत घालीन, धम्मा. त्याच ओसरीत."

जगदेवची मान काहून खाली होती, हे मले तवा माहीत नव्हतं.

आठ महिन्यांनी तो गेला, हार्टनं. तेरवी झाल्यावर रुपाबाई माह्या घरी एक कागद घेऊन आली. अकोल्याच्या दवाखान्यातला, वीस वर्षं जुना, घडीवर फाटलेला. त्याच्यावर काडीसारखे तुकडे जोडीजोडीनं लावल्याचं चित्र होतं.

"हा यायचा, माह्या मालकाचा, रिपोर्ट," ती म्हणे. "लेकरू होणार नाही, दोष यायच्यात आहे, असं डॉक्टरनं सांगतलं. हे रडले माह्यासमोर. कोनालेच सांगू नको म्हणे. मी नाही सांगतलं. पण हे आहे काय, ते आज मले समजून सांग."

मी सांगतलं, शाळेत पोरायले कांद्याचं मूळ दाखवून सांगते तसं. पेशीत गुणसूत्रं असतात. माणसात शेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. एका पेशीच्या दोन होतात तवा आधी एकेका गुणसूत्राची नक्कल तयार होते, मग बरोबर वाटणी. अंग वाढते ते असं. पण लेकरासाठी जी पेशी लागते तिची वाटणी निराळी. तिथं जोडीतलं एकच जाते. अर्धा हिस्सा मायचा, अर्धा बापाचा. कधी एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही एकीकडंच जातात. जगदेवच्या बाबतीत तेच झालं होतं, त्याच्या जन्माच्या आधी. पुरुषाले एक्स एक अन् वाय एक. त्याले वायसंगं एक्स दोन होते. शेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस. माणूस धडधाकट, पण बीज तयार झालं नाही.

"मग गुन्हा कोनाचा?"

"कोनाचाच नाही."

"माहा तर नाहीच नं?"

"नाही वं."

तिनं कागदाची घडी घातली. डोळ्यात पाण्याचा थेंब नव्हता. बाप्पा, त्या डोळ्यांकडे मले पाहवलं नाही. मी म्हटलं, "सांगून टाक साऱ्यायले!"

"यायले शब्द देला आहे. मेलेल्या माणसाची अब्रू मी चव्हाट्यावर मांडणार नाही. पण भगवंतरावले सोडणार बी नाही."

पुढच्या साली तिनं अर्ध्या एकरात बिनबियाचं टरबूज लावलं. नर्सरीवाल्यानं दोन तऱ्हेची रोपं देली, बिनबियाची अन् साधी. दर दोन ओळींमागं एक ओळ साधी लावा म्हणे. संगं एक कागद होता, त्यावर लिहिलेलं: साध्या टरबुजाची गुणसूत्रं बावीस, बिनबियाच्याची तेहतीस. ती बराच वेळ तो कागद पाहून राह्यली. मग म्हणे, "तेहतीस म्हणजे तीन-तीनचे अकरा गट. तिघायची जोडी कशी लागन? वाटणीच जमत नसन. म्हणून बी नाही." मी पंधरा वर्षं शिकवून राह्यली, एकाही पोरानं मले असं सोताहून सांगतलं नाही. अन् तिचं बरोबरच होतं. बिनबियाच्या वेलाले नर फुलं येतात, दिसतात पिवळीधमक, पण परागात जीव नसते. मादी फुलाले साध्या वेलाचे पराग लागले तरच फळ धरते. म्हणून ती मधली ओळ.

माल असा निघाला का वाशिमचे व्यापारी वावरात आले. भगवंतरावच्या पोटात दुखलं. यंदा पौषात त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाले दोन एकर बिनबियाचं लावायचं ठरवलं अन् पोराले, गोपालले, रुपाबाईकडे विचारायले पाठवलं. तिनं मल्चिंग सांगतलं, ठिबक सांगतलं, खत सांगतलं. साध्या ओळीचं नाव काढलं नाही.

नर्सरीवाल्यानं सांगतलं होतं. पण भगवंतराव ऐकणारा थोडाच! साधी रोपं पाहून तो गरजला म्हणे, "मले येडं समजते का? बिनबियाच्या मालात भंगार खपवून राह्यला!" लावणीच्या दिवशी आमी दोघी त्याच्या वावराजवळून चाललो होतो. साध्या रोपायचे ट्रे त्यानं बकऱ्यायपुढं टाकले होते, अन् बकऱ्या मस्त मचमच खाऊन राह्यल्या होत्या. रुपाबाई थांबली. मी विचारलं, "सांगतं का त्याले?"

"खाऊ दे बिचाऱ्यायले," म्हणे, अन् चालू लागली.

माघ सरता सरता वेल फुलले. दोन एकर पिवळं. आठ दिवस फुलं आली अन् गळली, एक फळ धरलं नाही. भगवंतराव पारावर बसून साऱ्यायसमोर बोलला, "वांझ बाईचा सल्ला घेतला, वेल बी वांझ निघाले!" हे रुपाबाईच्या कानावर आलं. ती हसली. अव माय, ते हसणं पाहून माह्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी तिची जाव, भगवंतरावची बायको प्रयागबाई, रडत आली. नर्सरीवाल्यानं उपाय सांगतला होता. साध्या वेलाची नर फुलं तोडा, एकेका मादी फुलावर टेकवा, अजून वेळ गेली नाही. अन् अशी फुलं साऱ्या गावात एकाच वावरात होती, रुपाबाईच्या.

"दे नं वं माय," प्रयागबाई म्हणे.

"त्यायले सोता पाठवा. सकाळी. उन्हं चढली का फूल मिटते."

तीन दिवस भगवंतराव आला नाही. चौथ्या दिवशी, सूर्य निघता निघता, तो धुऱ्यावर उभा. मी माह्या वावरात मेथी तोडून राह्यली होती. त्यानं सवयीनं माह्याकडे पाहून म्हटलं, "मॅडम, तिले सांगा..."

"मले सांगा," रुपाबाई म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला होता. त्यानं तिचं पुरं तोंड त्या दिवशीच पाह्यलं असन.

"दादा, वेल वांझ नाहीत. त्यायच्या नर फुलात जीव नाही. तुमी उगाच वेलाले शिव्या देऊन राह्यले."

"एवढं तुले कोनी शिकवलं?"

"तुमच्या भावानं," ती म्हणे, अन् तो कागद त्याच्या हातात देला.

त्यानं वाचला. जगदेवचं नाव, तारीख, अन् खाली डॉक्टरनं हातानं मराठीत लिहिलेलं: दोष पतीमध्ये, पत्नी निरोगी. दोनदा वाचला. मग तो सरळ मातीतच बसला.

"हे कोनाले दाखवू नको, माय," आवाज पार खाली गेलता. "भावाचं नाव जाईन."

"वीस वर्षं मी सांभाळलं. आता तुमी सांभाळा. कागद तुमच्याजवळच ठेवा. चैतात राधिकाची दुसऱ्या खेपेची ओटी आहे. पहिला नारळ माहा, अन् ते तुमी सांगायचं, त्याच ओसरीतून. कबूल असन तर फुलं तोडा. सोताच्या हातानं. मजूर लावायचा नाही."

बारा दिवस तो माणूस रोज सकाळी येऊन, कंबर धरत, एकेक फूल तोडून नेत होता. रुपाबाई धुऱ्यावर बसून चहा पीत पाहे. त्याले एकदाही विचारला नाही.

चैतात ओटीले पुन्हा अंगण भरलं. रुपाबाई तोच हिरवा खण घेऊन आली. ओसरीतून भगवंतराव बोलला, "पहिला नारळ रुपाबाईचा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हातारी ठणकावून म्हणाली, "काहून रे भगवंता? तवा तूच म्हणे, वांझोटीचं नाट लागते. आता तर ती रांडव बी झाली. मंग असं काय बदललं?"

साऱ्यायनं ओसरीकडे पाह्यलं. त्याचं कारण त्याच्याच पेटीतल्या त्या कागदात होतं, पण सांगाची सोय नव्हती. भगवंतरावची मान खाली गेली. तोंडातून एक शब्द निघाला नाही. तीन वर्षांखाली जगदेव जसा मान घालून बसला होता, तसाच तो बसला, बरोबर त्याच जागी.

रुपाबाई त्या मानेकडे पोटभर पाहून राह्यली. मग तिनं राधिकाच्या ओटीत नारळ घातला.